मुंग्यांची रांग, वाळवीची वाट : उन्हाळ्यातील घरगुती कीटकांचा बंदोबस्त

मे महिन्यातील दुपार होती. नागपूरच्या उन्हात रस्ते ओस पडले होते आणि आमच्या शाखेतही तुरळकच ग्राहक होते. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कापडी पिशवी छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आल्या. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके काढले आणि म्हणाल्या, "पाहा ना जी मॅडम, याचं काही होते का?" पुडके उलगडले तेव्हा आत पाचशे रुपयांच्या नोटा होत्या. काहींच्या कडा कुरतडलेल्या, काहींना मधोमध भोके पडलेली आणि सगळ्याच मातीने माखलेल्या. नातीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी चार वर्षे साठवलेले ६२,५०० रुपये त्यांनी लाकडी पेटीत ठेवले होते. पेटी जमिनीवर, भिंतीला टेकून होती. वाळवीने आधी भिंत गाठली, मग पेटीचा तळ आणि शेवटी नोटा. त्याच पेटीत आमच्या बँकेची मुदत ठेवीची एक पावतीही होती. तिचा केवळ एक कोपरा उरला होता.

त्या नोटांचे आणि पावतीचे पुढे काय झाले, ते लेखाच्या ओघात येईलच. त्या दिवशी घरी परतल्यावर मात्र मी प्रथमच आपल्या घराकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. ओट्यावर मुंग्यांची रांग होती आणि ती दिसताच माझा हात सवयीने फवाऱ्याच्या डब्याकडे गेला. मुंग्या मेल्या, ओटा स्वच्छ झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रांग पुन्हा तेथेच हजर! बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मी दररोज व्याज भरत होते आणि मुद्दल जसेच्या तसे राहत होते. डोळ्यांना दिसणारा कीटक हे केवळ व्याज असते. मुद्दल असते ते त्याच्या घरट्यात, त्याच्या पाण्यात आणि त्याच्या वाटेत. हे मुद्दल कसे फेडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उन्हाळ्यातच उपद्रव का वाढतो?

बाहेर थंडी असो वा ऊन, मनुष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहते. कीटकांना निसर्गाने ही सोय दिलेली नाही. त्यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानानुसार चढते-उतरते. हिवाळ्यात त्यांच्या हालचाली मंदावतात. फाल्गुन संपता संपता उष्मा वाढू लागला की त्यांना वेग येतो. अंड्यातून बाहेर पडून पूर्ण वाढ होण्यास लागणारा काळही उबेमुळे कमी होतो, म्हणजेच त्याच अवधीत अधिक पिढ्या जन्मास येतात.

दुसरे कारण पाण्याचे. वैशाखात जमीन तापून कोरडी पडते आणि लहानशा जिवांना ओलावा मिळेनासा होतो. आपल्या घरात मात्र गळकी तोटी, फ्रीजखालची पाण्याची तबकडी, कूलरची टाकी आणि कुंड्यांखालच्या बशा अशी पाणपोई अखंड चालू असते. त्यातच हा काळ आंब्यांचा, लोणच्या-मुरांब्यांचा, वर्षभराच्या धान्याच्या बेगमीचा आणि मुलांच्या सुट्टीचा. घरभर गोड हात आणि गोड ताटल्या फिरत असतात. अन्न, पाणी आणि आडोसा या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळाल्यावर पाहुण्यांनी यावे, यात नवल ते काय?

मुंगी : रांगेमागचे घरटे

ओट्यावर सांडलेल्या साखरेच्या कणापाशी प्रथम एकटीच मुंगी येते. ती टेहळणीस निघालेली कामकरी मुंगी असते. (कामकरी मुंग्या सर्व माद्याच असतात.) अन्न सापडताच ती पोटाचे टोक जमिनीला टेकवीत, एक गंधद्रव्य सोडीत घरट्याकडे परतते. त्या गंधाच्या मागाने इतर मुंग्या येतात आणि परतताना प्रत्येक जण त्या मार्गावर आपल्याही गंधाची भर घालते. अशा रीतीने अल्पावधीत रांग तयार होते. अन्न संपले की भर पडणे थांबते, गंध उडून जातो आणि रांग मोडते. म्हणून रांग दिसल्यास केवळ मुंग्या झटकून भागत नाही, तो गंधमार्गही पुसावा लागतो. त्यासाठी नुसते पाणी अपुरे पडते. साबणाचे पाणी किंवा व्हिनेगर मिसळलेले पाणी वापरून मार्ग त्याच्या उगमापर्यंत पुसून घ्यावा. रांग भिंतीतील कोणत्या फटीत शिरते हे आधी पाहून ठेवावे आणि फट पांढऱ्या सिमेंटने बुजवावी. हळद, लवंग, दालचिनी यांच्या उग्र वासाने मुंग्यांचा मार्ग काही काळ भरकटतो, हा आपल्या आजीबाईंचा अनुभव खरा आहे. परंतु त्याने घरट्याला धक्का पोहोचत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

फवाऱ्याचा उपाय अपुरा का पडतो? घराबाहेर अन्न शोधीत हिंडणाऱ्या मुंग्या ही त्या वसाहतीची लहानशी फळी असते. राणी, अंडी, अळ्या आणि उरलेल्या कामकरी मुंग्या घरट्यातच असतात. फवाऱ्याने बाहेरची फळी मरते; राणी अंडी घालतच राहते. घरात आढळणारी फॅरो नावाची, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची पिवळसर मुंगी तर याहून चिवट. तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारणीची चाहूल लागताच वसाहत फुटते आणि राण्या आपापला परिवार घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी बिऱ्हाड थाटतात. फवारणीनंतर एका रांगेच्या जागी तीन रांगा दिसू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच.

यावरील शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे आमिष. मुंगीला एक पोट स्वतःसाठी असते आणि दुसरे जणू समाजासाठी. त्या दुसऱ्या पोटात साठवलेले द्रव अन्न ती घरट्यात परतल्यावर इतरांना तोंडाने भरवते आणि ते थेट राणीपर्यंत पोहोचते. याच सवयीचा उपयोग आपण करून घ्यायचा. एक पेला (२०० मिलिलिटर) कोमट पाण्यात २० ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा लहान चमचा, बोरिक पावडर विरघळवावी. त्यात कापसाचा बोळा भिजवून बारीक छिद्रे पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवावा आणि डबी मुंग्यांच्या वाटेवर, परंतु मुलांचा व पाळीव प्राण्यांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. बोरिक पावडर वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. विष तीव्र झाले तर मुंगी वाटेतच मरते आणि घरट्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. पहिले दोन-तीन दिवस डबीभोवती मुंग्यांची गर्दी वाढलेली दिसेल. त्यांना मारू नये. एक-दोन आठवडे धीर धरल्यास रांग विरळ होत जाते. बोळा वाळला की नवा ठेवावा. मुंग्या साखरेकडे फिरकत नसतील तर त्यांना त्या वेळी तेलकट अन्न हवे असते, असे समजावे. अशा वेळी चिमूटभर बोरिक पावडर दोन-तीन चमचे शेंगदाण्याच्या कुटात चांगली कालवून ठेवावी.

माझ्या सासूबाई फडताळाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत असत. हा उपाय आजही उत्तम आहे. पाण्यावर धूळ साचली की बारीक मुंग्या तिच्यावरून पार होतात, म्हणून पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि आठवड्यातून एकदा वाट्या घासून पाणी बदलावे.

अंगणातील किंवा बागेतील प्रत्येक वारूळ नष्ट करण्याची मात्र गरज नाही. मुंग्या या वाळवीच्या मोठ्या शत्रू आहेत. घराबाहेरच्या मुंगीला घराबाहेर राहू द्यावे, हे आपल्याच हिताचे.

झुरळ, धान्यकिडे आणि डास

आपल्या घरांत मुख्यत्वे दोन प्रकारची झुरळे आढळतात. मोरीतून आणि गटारातून येणारे, तांबूस-तपकिरी, सुमारे चार सेंटिमीटर लांबीचे मोठे झुरळ हे एक. दुसरे जर्मन झुरळ. ते जेमतेम दीड सेंटिमीटरचे, फिकट तपकिरी असून डोक्यामागे दोन काळसर पट्टे असतात. फ्रीजच्या यंत्रामागे, मिक्सरच्या तळाशी, ओट्याखालच्या कपाटाच्या बिजागरीत त्याचे वास्तव्य असते. त्याच्या मादीच्या एका अंडकोशात ३० ते ४० अंडी असतात. झुरळांच्या विष्ठेने आणि कातीच्या चुऱ्याने दमेकरी मुलांचा त्रास बळावतो, म्हणून हा प्रश्न केवळ किळसेचा नाही. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस तग धरते, पाण्यावाचून मात्र फार काळ जगू शकत नाही. तेव्हा रात्री निजण्यापूर्वी सिंक कोरडे पुसणे, उष्टी भांडी न ठेवणे, मोरीच्या जाळीवर झाकण ठेवणे आणि गळती तोटी दुरुस्त करणे हा पहिला उपचार. दुसरा म्हणजे बाजारात मिळणारे जेल. त्याचे मोहरीएवढे ठिपके बिजागऱ्या आणि फटींत लावावेत. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही खर्च वाया जातात.

बेगमीच्या धान्यातील सोंडे बाहेरून येतात, अशी आपली समजूत असते. वास्तविक सोंड्याची मादी तांदळाच्या किंवा गव्हाच्या दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणून वरवर निर्मळ दिसणारे धान्यही कीड घेऊनच घरी येऊ शकते. कडक उन्हात पातळ थर देऊन धान्य वाळवणे, पूर्ण निवल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरणे आणि नव्या धान्यात जुने न मिसळणे ही पूर्वापार पद्धत पूर्णतः शास्त्रीय आहे. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळण्यामागेही अनुभवच आहे. रवा, मैदा यांचे लहान पुडे चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरावेत. खाण्याच्या धान्यात बोरिक पावडर मिसळण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी; ती पोटात गेल्यास अपायकारक असते.

डासांविषयी एकच गोष्ट सांगते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळून कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा आणि मुंग्यांसाठी ठेवलेल्या वाट्या रिकाम्या कराव्यात. एडिसची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने टिकतात, तेव्हा टाकी केवळ रिती करून चालत नाही, घासावीही लागते.

वाळवी : न दिसणारा शत्रू

मुंगी, झुरळ आणि सोंडे निदान दिसतात. वाळवीचे तसे नाही. नाव काढताच आपल्याला 'पांढरी मुंगी' आठवते, परंतु वाळवी मुंगीच्या कुळातील नव्हे. तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे आणि आता शास्त्रज्ञ तिला झुरळांच्याच गणात ठेवतात. लाकूड, कागद, सुती कापड यांत असणारे सेल्युलोज हे तिचे अन्न. ते पचवण्यासाठी तिला पोटातील सूक्ष्मजीवांचे साहाय्य होते. काही जाती तर वारुळात बुरशीची शेती करून तिच्याकरवी हे काम करून घेतात.

वाळवीची कातडी नाजूक असते आणि उघड्या, कोरड्या हवेत ती लवकर मरते. म्हणून ती कधी उघड्यावर येत नाही. जमिनीतील ओलाव्यापासून आपल्या अन्नापर्यंत ती मातीचे बंद बोगदे बांधत जाते. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या रुंदीची मातीची रेघ दिसते, ती हीच वाट. आतून ती लाकूड पोखरते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. चौकट बाहेरून धडधाकट दिसते आणि बोटाने दाबली की आत जाते. मृगाच्या आसपास पहिल्या सरी पडल्यावर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे घोंघावतात आणि सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा सडा पडतो. त्यांत पुष्कळदा वाळवीचे भावी राजा-राणी असतात. पंखांची मुंगी आणि पंखांची वाळवी ओळखणे अवघड नाही. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीला कंबर अशी नसतेच आणि चारही पंख सारखे असतात. घराच्या आतच असे पंख सापडले तर वसाहत जवळपास आहे, असे समजून चालावे.

मातीची रेघ दिसली की आपण ती झाडूने पाडतो आणि निश्चिंत होतो. वाळवी एक-दोन दिवसांत दुसरी वाट बांधते. जुजबी रॉकेल शिंपडण्याचेही तेच. वाळवीचे ठाणे बहुधा जमिनीत, पायाखाली असते; उपाय तेथेच करावा लागतो. भारतीय मानक ब्युरोने यासाठी 'आयएस ६३१३' हे मानक ठरवून दिले आहे. त्याचा दुसरा भाग नव्या बांधकामाच्या वेळी पाया आणि जोते यांच्या मातीवर करावयाच्या प्रक्रियेविषयी आहे, तर तिसरा भाग राहत्या घराविषयी. राहत्या घरात जमीन आणि भिंत यांच्या सांध्यालगत सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडून त्यांतून कीटकनाशक मातीत सोडतात आणि छिद्रे बुजवतात. हे काम परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्यावे. 'कीटकनाशके अधिनियम, १९६८' व त्याखालील नियमांनुसार अशा व्यवसायाला परवाना आवश्यक असतो. तो मागून पाहण्यात संकोच नसावा. कोणते औषध, किती प्रमाणात वापरले आणि हमी किती वर्षांची, हे लेखी घ्यावे. नवे घर घेणाऱ्यांनी बांधकामपूर्व वाळवी-प्रतिबंधक प्रक्रिया झाली आहे काय, हे विकासकाला विचारून त्याचे प्रमाणपत्र गृहकर्जाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावे. गृहविमा घेताना वगळलेल्या बाबींचे पान अवश्य वाचावे. असा विमा मुख्यत्वे आग, पूर यांसारख्या अकस्मात आपत्तींसाठी असतो, हळूहळू होत जाणाऱ्या झिजेसाठी नसतो.

वाळवीला वाट न देण्याचे उपाय खर्चाचे नाहीत. लाकडी सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पुठ्ठ्याची खोकी, जुनी रद्दी आणि लाकडाचे तुकडे जमिनीवर साठवू नयेत. स्नानगृहाची ओल पलीकडच्या खोलीतील कपाटाच्या पाठीस येत असेल तर ती प्रथम बंद करावी. महिन्यातून एकदा विजेरी घेऊन कपाटामागे, पलंगाखाली आणि चौकटींच्या तळाशी पाहावे. ओल असलेल्या कपाटात कसरही लागते; ती पुस्तकांच्या बांधणीची खळ आणि कागद खाते. कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्यास ते कपडे तान्ह्या मुलांना घालण्यापूर्वी धुवून, उन्हात वाळवून घ्यावेत, कारण डांबरगोळ्यांचा अंश काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरतो.

नोटा, पावत्या आणि वाळवी

आपल्या चलनी नोटांचा कागद कापसाचा असतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. वाळवीच्या दृष्टीने नोट आणि रद्दी यांत काही भेद नाही. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे एका बँकशाखेत ठेवलेल्या सुमारे एक कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने फस्त केल्याचे वृत्त देशभर गाजले होते. २०२३ मध्ये त्याच राज्यातील मुरादाबाद येथे एका महिलेने मुलीच्या विवाहासाठी लॉकरमध्ये ठेवलेले १८ लाख रुपये अशाच रीतीने गेल्याची बातमी आली. या घटना बँक कर्मचाऱ्यांनीही विसरू नयेत. अभिलेख कक्षात दप्तरे जमिनीवर न ठेवणे, भिंतीची ओल वेळीच वरिष्ठांना कळवणे आणि तिजोरी-कक्षाची नियमित पाहणी करणे हा आपल्या कर्तव्याचाच भाग आहे.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे की लॉकर हा दागिने आणि दस्तऐवज यांसाठी आहे, रोख रकमेसाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनंतर बँकांनी स्वीकारलेल्या आदर्श लॉकर करारनाम्यात हे स्पष्ट म्हटले आहे. लॉकरमधील दस्तऐवजही कापडात किंवा वर्तमानपत्रात न गुंडाळता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि वर्षातून एकदा तरी लॉकर उघडून पाहावा.

नोटा खराब झाल्याच तर घाबरून त्या फेकून देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार (२००९, सुधारणा २०१८) फाटक्या नोटा बँकशाखेत बदलून मिळतात. पन्नास रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ क्षेत्रफळाच्या ८० टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण मूल्य मिळते, ४० ते ८० टक्के असल्यास अर्धे, आणि ४० टक्क्यांहून कमी असल्यास काहीच मिळत नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत असल्यास पूर्ण मूल्य मिळते. वेगवेगळ्या नोटांचे तुकडे चिकटवून मात्र आणू नयेत.

आता आजींच्या पुडक्याकडे वळू. आम्ही दोघींनी बसून एकूण १२५ नोटा वेगळ्या केल्या आणि त्यांचे क्षेत्रफळ तपासले. ७१ नोटांचे पूर्ण मूल्य मिळाले, ३० नोटांचे निम्मे आणि २४ नोटांचे काहीच नाही. ६२,५०० रुपयांपैकी ४३,००० रुपये हाती आले. १९,५०० रुपये वाळवीने नेले. आकडा ऐकून आजी काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी भीत भीत पावतीचा तो उरलेला कोपरा पुढे केला आणि विचारले, "अन् हे?" मी संगणकावर त्यांचे खाते पाहिले. ठेव व्याजासह जागच्या जागी होती. पावती वाळवीने खाल्ली होती, ठेव नव्हे. रीतसर अर्ज घेऊन दुय्यम पावती दिली. नातीच्या प्रवेशात जी तूट आली, ती पुढे त्याच ठेवीतून भरून निघाली.

औषध वापरताना

घरात औषध वापरण्याविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे चूक झाल्यास ती कीटकांहून महाग पडते. आमची कन्या तीन वर्षांची असताना मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढली आणि खडू खिडकीत विसरले. थोड्या वेळाने पाहते तो ती त्याच खडूने पाटीवर चित्रे काढीत होती आणि दुसऱ्या हाताची बोटे तोंडात होती. साबणाने हात-तोंड धुतले, वेष्टन बरोबर घेऊन तिला डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून आमच्या घरात तो खडू पुन्हा आला नाही. या खडूंमध्ये कीटकनाशक असते आणि लहान मुलाच्या लेखी तो शाळेच्या खडूहून वेगळा नसतो.

कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोण पाहण्याची सवय लावून घ्यावी. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. शेतीसाठीची औषधे घरात वापरू नयेत आणि कोणतेही औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. धान्य-गोदामांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि आणू नयेत. ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो आणि बंद खोलीत निजलेल्यांना त्याची चाहूलही लागत नाही. फवारणी केल्यावर सांगितलेला अवधी घर बंद ठेवून नंतर दारे-खिडक्या पूर्ण उघडाव्यात. कुणाच्या पोटात औषध गेलेच, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता वेष्टनासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वर्षाचे वेळापत्रक

बँकेत जसे मार्चअखेरचे काम फेब्रुवारीत सुरू होते, तसेच हेही आहे. फाल्गुनात भिंतींच्या फटी बुजवाव्यात आणि गळत्या तोट्या दुरुस्त कराव्यात. चैत्रात धान्य वाळवावे, कोठ्या रित्या करून पुसून घ्याव्यात, मुंग्यांची आमिषे मांडावीत. वैशाखात गावी जाताना कचऱ्याचा डबा रिकामा, सिंक कोरडे, मोऱ्यांची तोंडे झाकलेली आणि कूलरची टाकी घासून रिती केलेली असावी. ज्येष्ठात पावसापूर्वी वाळवीची पाहणी करावी आणि पहिल्या सरींनंतर गळलेल्या पंखांकडे लक्ष ठेवावे.

या साऱ्याला लागणारा खर्च फारसा नाही, लागते ती नियमितता. मुंगीची रांग आपल्याला दिसते आणि आपण तिच्यावर चिडतो. वाळवीची वाट दिसत नाही, म्हणून तिचा विचारही करीत नाही. वाचकांनी आज एवढेच करावे. विजेरी घेऊन आपल्या जुन्या कपाटामागे एकदा पाहावे, आणि कपाटात रोख रक्कम असेल तर ती तेथून काढून खात्यात भरावी. आजींनी आता तसेच केले आहे. त्यांची पेटी अजूनही आहे, पण ती चार विटांवर, भिंतीपासून हातभर दूर असते आणि तिच्यात आता फक्त लुगडी असतात.